स्वतंत्र चित्रपट आणि त्याचा प्रेक्षकसमाज : ‘मंथन’ ते ‘लूसिया’

१

चित्रपटाच्या इतिहासलेखनात निर्मितीला जे स्थान लाभले आहे ते वितरणाला लाभलेले नाही, आणि प्रसिद्धीला तर त्याहूनही कमी लाभले आहे. कोणता चित्रपट कोणी, केव्हा व कोणाच्या भांडवलावर काढला, याच्या नोंदी बऱ्याच अंशी उपलब्ध आहेत. परंतु तो चित्रपट प्रत्यक्षात कोणापर्यंत पोहोचला, आणि ज्यांच्यापर्यंत पोहोचला त्यांना त्याची वार्ता कशी कळली, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. मोठ्या कंपन्यांच्या चित्रपटांबाबत ही उणीव फारशी जाणवत नाही. कारण तेथे प्रसिद्धी ही पैशाने विकत घ्यावयाची वस्तू असते आणि तिचा इतिहास हा बहुतांशी खर्चाचा इतिहास असतो. स्वतंत्र चित्रपटाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या बाबतीत प्रसिद्धीचा इतिहास हाच पुष्कळदा त्याच्या अस्तित्वाचा इतिहास ठरतो.

प्रस्तुत लेखात ‘स्वतंत्र चित्रपट’ ही संज्ञा मर्यादित अर्थाने योजिली आहे. निर्मितीचे भांडवल किंवा वितरणाची व्यवस्था, अथवा दोन्ही, ज्याला प्रस्थापित चित्रपटव्यवसायाबाहेर शोधावी लागली तो स्वतंत्र चित्रपट होय. या व्याख्येत चित्रपटाच्या कलात्मक गुणवत्तेविषयी कोणतेही विधान अनुस्यूत नाही.

गेल्या दोन दशकांत या विषयासंबंधी एक मत रूढ झाले आहे. ते असे, की समाजमाध्यमांनी आणि जालावरील समूहांनी स्वतंत्र चित्रपटाला प्रेक्षक मिळवून दिला. हे मत सर्वस्वी चुकीचे आहे असे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणातून काही व्यावहारिक भ्रमही निर्माण झाले आहेत. येथे जी उपपत्ती मांडावयाची आहे ती पुढीलप्रमाणे : नव्या माध्यमांनी प्रेक्षकसमाज निर्माण केला नाही, जो समाज अगोदरच कोणत्या ना कोणत्या बंधाने एकत्र होता, किंवा एकत्र येण्याच्या स्थितीत होता, त्याची गणना करणे आणि त्याला थेट संबोधणे त्यांनी शक्य केले. वितरकाच्या सामर्थ्याचे एक रहस्य याच गणनेत होते. कोणत्या प्रदेशात, कोणत्या गावी, कोणत्या प्रकारचा प्रेक्षक किती संख्येने येईल, हे ज्याला ठाऊक त्याच्या हाती चित्रपटाचे भवितव्य असे. या ज्ञानाला आपण सोयीसाठी ‘प्रेक्षकांची यादी’ म्हणू. ही यादी कोणी केली, आणि ती कोणाच्या ताब्यात राहिली, या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने पाहिल्यास १९७६ पासून २०१३ पर्यंतच्या वरकरणी विस्कळीत दिसणाऱ्या घटना एका सूत्रात येतात.

२

या इतिहासाचा आरंभ संगणकापासून करणे योग्य नव्हे. भारतापुरते बोलावयाचे तर तो दूध-सहकारापासून करावा लागतो. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा चित्रपट १९७६ साली प्रदर्शित झाला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांनी लिहिली होती. गुजरात सहकारी दूध विपणन महासंघाच्या ५ लक्ष शेतकरी सभासदांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि त्या १० लक्ष रुपयांतून हा चित्रपट उभा राहिला. श्रेयनामावलीत निर्माते म्हणून या शेतकऱ्यांचाच उल्लेख आहे. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर आपण काढलेले चित्र पाहावयास हे शेतकरी ट्रकांतून शहरोशहरी आले, ही हकीकत सुप्रसिद्ध आहे.

या घटनेकडे सामान्यतः निधिसंकलनाचा एक अभिनव प्रयोग म्हणून पाहिले जाते. आपल्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. प्रत्येक गावातील दूध-संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घातले जाई, त्याचे माप होई आणि सभासदाच्या नावे त्याची नोंद होई. म्हणजे ५ लक्ष लोकांची यादी तयार होती. ती रोज वापरात होती. आणि ती ज्यांची होती त्यांच्याच संस्थांच्या दप्तरी होती. चित्रपटासाठी नवा समाज जमवावा लागला नाही. जो समाज दुधासाठी जमला होता तोच पुढे चित्रपटाचा भांडवलदार झाला आणि तोच प्रेक्षकही झाला. तिकिटाची मागणी निर्मितीच्या आधीच अस्तित्वात होती.

केरळातील प्रयोग याहून अधिक कष्टाचा होता. जॉन एब्राहम यांनी सहकाऱ्यांसह १९८४ साली कोळिकोड येथे ‘ओडेसा’ हा समूह स्थापन केला. गावोगाव चित्रपटांचे खेळ करावे, लोकांकडून लहान लहान रकमा जमवाव्या, आणि त्यांतून चित्रपट काढून तो पुन्हा त्याच लोकांत न्यावा, अशी ही योजना होती. ‘अम्मा अरियान’ हा चित्रपट १९८६ साली याच मार्गाने पूर्ण झाला. दूध-संस्थेसारखी तयार यादी येथे नव्हती. खेळ हेच यादी करण्याचे साधन होते. ज्या गावी खेळ झाला त्या गावची माणसे ओळखीची होत, आणि ही ओळख समूहातील कार्यकर्त्यांच्या स्मरणात राही. अशा यादीचा दोष उघड आहे. ती माणसांबरोबर विरते. जॉन एब्राहम १९८७ साली निवर्तले आणि त्यानंतर त्या पद्धतीने दुसरा कथापट होणे कठीण झाले.

या दोहोंच्या मध्ये फिल्म सोसायट्यांची चळवळ ठेवावी लागते. १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी निघाली. १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संघ स्थापन झाला. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळाची स्थापना झाली. या संस्थांपाशी सभासदांची वही होती, वर्गणी होती, आणि पोस्टाने जाणारे कार्यक्रमपत्रक होते. चित्रपटाविषयी वाचणारा, वाद घालणारा आणि विशिष्ट चित्रपटासाठी दूर अंतरावर जाणारा असा एक अल्पसंख्य पण स्थिर प्रेक्षक या वह्यांतून घडला. पुढे जालावर जे चित्रपटविषयक समूह निर्माण झाले त्यांची कार्यपद्धती पाहिली, तर त्यांत या सोसायट्यांच्या सवयी स्पष्ट दिसतात.

३

जालाचा प्रवेश या इतिहासात १९९९ साली झाला असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेतील ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा अत्यल्प खर्चात निघालेला भयपट त्या वर्षी जगभर सुमारे २४ कोटी ८० लक्ष डॉलर मिळवून गेला. चित्रपटातील तीन तरुण खरोखरच बेपत्ता झाले आहेत, असा आभास निर्माण करणारे संकेतस्थळ दिग्दर्शकांनी अगोदरच उघडले होते. व्यवसायाने या यशापासून जो धडा घेतला तो असा, की जाल हे स्वस्त आणि परिणामकारक जाहिरातीचे साधन आहे. हा धडा अर्धवट होता. संकेतस्थळाने कुतूहल निर्माण केले हे खरे. परंतु हजारो चित्रपटगृहांपर्यंत चित्रपट नेण्याचे काम तो विकत घेणाऱ्या वितरण-कंपनीने केले. येथे जाल होते, वार्ताही होती. प्रेक्षक मात्र एकमेकांशी आणि दिग्दर्शकांशी बांधलेले नव्हते.

याच्या अगदी उलट उदाहरण पाच वर्षांनी मुंबईत घडले, आणि त्याची चित्रपटाच्या इतिहासात व्हावी तितकी चर्चा झालेली नाही. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र आवश्यक ठरविणारा नियम २००३ साली जाहीर झाला. परदेशी माहितीपटांना ही अट नव्हती. देशभर विखुरलेल्या माहितीपटकारांनी ई-मेलच्या सामायिक यादीवरून परस्परांशी संपर्क साधला आणि एकजुटीने विरोध केला. अट मागे घेण्यात आली. परंतु पुढे निवड जाहीर झाली तेव्हा राजकीय स्वरूपाचे अनेक महत्त्वाचे माहितीपट वगळले गेल्याचे दिसून आले. तेव्हा याच यादीवरून पर्यायी महोत्सवाची कल्पना निघाली. फेब्रुवारी २००४ मध्ये मूळ महोत्सवाच्या स्थळाजवळच, प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात, ‘विकल्प’ हा महोत्सव भरला. पुढे ‘विकल्प’ हे केवळ एका महोत्सवाचे नाव राहिले नाही. इतर शहरांतही त्या नावाने खेळ होत राहिले.

‘विकल्प’मध्ये दाखविल्या गेलेल्या चित्रपटांत राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ होता. २००२ च्या गुजरातमधील हिंसाचारावरील या माहितीपटाला २००४ साली प्रमाणपत्र नाकारण्यात आले आणि त्याच वर्षी, विरोधानंतर, देण्यात आले. मधल्या काळात दिग्दर्शकाने एक विलक्षण मार्ग अनुसरला. जो कोणी चित्रपटाच्या ५ प्रती करून वाटण्याचे वचन देईल त्याला एक प्रत विनामूल्य मिळे. व्यावसायिक चित्रपट ज्या नकलेला चोरी मानून तिच्याविरुद्ध कायद्याचा आश्रय घेतो, तीच नक्कल येथे वितरणाची रीत झाली. प्रत घेणारा केवळ प्रेक्षक राहिला नाही. त्याच्यावर एक कर्तव्य आले आणि तो वितरक झाला. या ठिकाणी समाजमाध्यम म्हणावे असे काहीच नव्हते. साधी ई-मेल, तबकड्या, आणि पूर्वपरिचित कार्यकर्त्यांचे जाळे, एवढ्यावर हे कार्य झाले.

त्याच वर्षीची आणखी एक घटना मराठी वाचकांच्या स्मरणात असेल. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’नंतर सुमारे अर्धशतकाने हा मान मराठीकडे आला होता. पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली, तेव्हा अमेरिकेतील प्रसिद्धीचा खर्च निर्मात्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. महाराष्ट्रात त्यासाठी वर्गणी उभी राहिली. शाळकरी मुलांपासून शासनापर्यंत सर्वांनी तीत भाग घेतला. वृत्तपत्रे, शाळा, नाट्यसंस्था, सार्वजनिक न्यास, असा सारा जुना सार्वजनिक संसार कामास लागला. ऑर्कुट आणि फेसबुक ही दोन्ही माध्यमे त्याच वर्षाच्या आरंभी अमेरिकेत सुरू झाली होती. ‘श्वास’च्या निधीशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरीही पुढे या माध्यमांवरून जी आवाहने झाली त्यांचा सर्व घाट येथे दिसतो. अल्प साधनांचा चित्रपट, त्याच्याशी भावनेने जोडलेला समाज, आणि ‘हे आपले आहे’ अशी हाक. फरक एवढाच, की देणाऱ्यांची एकत्र यादी कोठेही राहिली नाही. वर्गणी झाली, कार्य संपले, आणि तो समाज पुन्हा विखुरला. पुढच्या मराठी स्वतंत्र चित्रपटाला त्याचा उपयोग होऊ शकला नाही.

४

यादी जाणीवपूर्वक करण्याचा आणि ती वितरकापुढे पुरावा म्हणून मांडण्याचा एक लक्षणीय प्रयत्न अमेरिकेत झाला. अॅरिन क्रम्ली आणि सुझन ब्यूस यांनी काढलेला ‘फोर आइड मॉन्स्टर्स’ हा चित्रपट २००५ साली स्लॅमडान्स महोत्सवात दाखविला गेला. परंतु त्याला वितरक मिळाला नाही. तेव्हा या दोघांनी आपल्या चित्रपटाची आणि आपल्या कर्जबाजारीपणाची कथा लहान चित्रफितींच्या मालिकेतून जालावर सांगावयास प्रारंभ केला. जो कोणी चित्रपट आपल्या गावी यावा अशी इच्छा करी त्याने आपला ई-मेल आणि टपालाचा क्रमांक नोंदवावा, अशी व्यवस्था होती. या नोंदी नकाशावर मांडल्या जात. कोणत्या शहरी किती प्रेक्षक वाट पाहत आहेत हे चित्रपटगृहाच्या मालकाला आकड्यांत दाखविता येऊ लागले, आणि २००६ साली त्या बळावर निवडक शहरांत खेळ झाले.

या प्रकरणाचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. २००७ साली संपूर्ण चित्रपट यूट्यूबवर विनामूल्य ठेवण्यात आला. स्पाउट नावाच्या चित्रपटविषयक संकेतस्थळाशी असा करार झाला, की चित्रपटाच्या प्रेक्षकांपैकी जो त्या संकेतस्थळाचा सभासद होईल त्याच्यामागे चित्रपटकारांना १ डॉलर मिळावा. त्यातून त्यांचे कर्ज काही अंशी फिटले. आर्थिक दृष्ट्या ही युक्ती निर्दोष होती. परंतु तिचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. आतापर्यंत चित्रपट विकला जात होता आणि प्रेक्षक तो विकत घेत होता. येथे चित्रपट विनामूल्य झाला आणि विकली गेली ती प्रेक्षकांची यादी. पुढील दशकात समाजमाध्यमांच्या व्यवसायाने जे रूप धारण केले त्याची ही पूर्वसूचना होती असे म्हणावयास हरकत नाही.

५

भारतात फेसबुकचा प्रसार झाल्यावर तीन चित्रपटांनी तीन भिन्न कार्यांसाठी त्याचा उपयोग केला. ओनीर यांच्या ‘आय अॅम’ने भांडवलासाठी, पवन कुमार यांच्या ‘लूसिया’ने भांडवल आणि भागीदारी यांसाठी, आणि आनंद गांधी यांच्या ‘शिप ऑफ थिसियस’ने चित्रपटगृहांसाठी.

‘आय अॅम’ २०११ साली चित्रपटगृहांत आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात चार कथा आहेत : विवाहाबाहेरचे मातृत्व, काश्मिरी पंडितांचे विस्थापन, बालकांचे लैंगिक शोषण, आणि समलिंगी पुरुषांचा पोलिसी छळ. व्यावसायिक निर्मात्याला हे चारही विषय जोखमीचे वाटणे स्वाभाविक होते. फेसबुकवरील आवाहनाला देशोदेशींच्या ४०० हून अधिक लोकांनी प्रतिसाद देऊन पैसा किंवा श्रम पुरविले. हा प्रतिसाद केवळ माध्यमाच्या सामर्थ्याने मिळाला असे मानणे भोळेपणाचे ठरेल. या विषयांपैकी प्रत्येकाभोवती अगोदरच एक समाज उभा होता. विस्थापितांच्या संघटना होत्या, कलम ३७७ च्या विरोधात काम करणारे गट होते. चित्रपटाने त्यांना शोधले, आणि माध्यमाने तो शोध स्वस्त केला.

‘लूसिया’ची कथा अधिक परिचित आहे. ‘लाइफु इष्टेने’ हा पहिला कन्नड चित्रपट २०११ साली प्रदर्शित झाल्यावर पवन कुमार यांना दुसऱ्या चित्रपटासाठी निर्माता मिळेना. आपला अनुभव त्यांनी ब्लॉगवर मोकळेपणाने लिहिला आणि प्रेक्षकांनाच निर्माते होण्याचे आवाहन केले. २७ दिवसांत ११० जणांकडून ५१ लक्ष रुपये जमले. चित्रपट जुलै २०१३ मध्ये लंडन भारतीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला व तेथे प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार त्याने मिळविला. सप्टेंबरमध्ये तो कर्नाटकात प्रदर्शित झाला. त्याचा नायक एका मोडकळीस आलेल्या चित्रपटगृहात बॅटरीच्या उजेडात प्रेक्षकांना त्यांच्या खुर्च्या दाखविणारा नोकर आहे, ही गोष्ट या संदर्भात मौजेची वाटते.

या आकड्यांचा हिशेब मात्र कोणी फारसा केलेला नाही. ५१ लक्षांना ११० ने भागले असता दरडोई सरासरी सुमारे ४६ हजार रुपये येते. ‘मंथन’मधील वाटा २ रुपयांचा होता. दोन्ही घटनांना आज एकाच नावाने ओळखले जात असले, तरी त्यांतील सामाजिक अंतर फार मोठे आहे. ‘लूसिया’चे भागीदार हे लोकसमूह नव्हते. एवढी रक्कम अनोळखी माणसाच्या हाती विश्वासाने देऊ शकणारा, आणि कन्नड चित्रपटाविषयी आस्था व असमाधान दोन्ही बाळगणारा, असा तो एक लहानसा सुशिक्षित वर्ग होता. या वर्गाला प्रस्थापित वितरण-व्यवस्थेत स्वतंत्र गणती नव्हती. त्याची गणना होऊ शकली, हे नव्या माध्यमाचे खरे कार्य होय.

‘शिप ऑफ थिसियस’ जुलै २०१३ मध्ये मोजक्या शहरांत प्रदर्शित झाला. ज्या शहरी तो लागला नव्हता तेथील लोकांनी फेसबुकवर आपल्या शहरासाठी मत द्यावे, असे आवाहन करण्यात आले होते. ‘फोर आइड मॉन्स्टर्स’च्या नकाशाची ही भारतीय आवृत्ती म्हणता येईल. परंतु येथे एक भेद आहे. या चित्रपटामागे किरण राव यांचे नाव आणि एका मोठ्या कंपनीची वितरण-यंत्रणा उभी होती. मते मोजली गेली तरी त्यांचे खेळांत रूपांतर करण्यासाठी ही यंत्रणा लागली. केवळ मागणीची नोंद झाली म्हणून पडदा मिळतो असे नाही. नोंदीला व्यवहारात आणणारी संस्था आवश्यक असते.

६

आता या घटनांची भाषा पाहिली पाहिजे, कारण भाषेच्या अभ्यासकाला येथे काही वेगळे दिसण्याचा संभव आहे. ज्याला आज जगभर ‘क्राउडफंडिंग’ म्हणतात त्याला एकच शब्द असल्यामुळे त्यातील व्यवहारही एकच असावा असा समज होतो. मराठीत या व्यवहारांसाठी निरनिराळे शब्द पूर्वीपासून आहेत आणि त्यांतील भेद काटेकोर आहेत. ‘देणगी’ दिली म्हणजे हक्क उरत नाही. ‘वर्गणी’ ही सर्वांनी सारख्याच हेतूने, पुष्कळदा ठराविक रकमेने, सामायिक कार्यासाठी द्यावयाची असते; ती देणाऱ्याला हिशेब विचारण्याचा नैतिक अधिकार असतो. ‘भाग’ घेणारा नफ्यातोट्याचा धनी होतो. ‘श्वास’साठी जमली ती वर्गणी व देणगी, ‘लूसिया’त होता तो भाग, ‘मंथन’ या दोहोंच्या सीमेवर आहे. कायद्याच्या दृष्टीनेही हे भेद निरर्थक नाहीत. भांडवल बाजाराच्या नियामक मंडळाने, म्हणजे सेबीने, जून २०१४ मध्ये या विषयावर विचारार्थ टिपण प्रसिद्ध केले, तेव्हा परताव्याची अपेक्षा न ठेवता दिलेली रक्कम आणि भागभांडवल यांचे पृथक्करण त्याला प्रथम करावे लागले.

दुसरा मुद्दा सर्वनामांचा आहे. चित्रपटाच्या जुन्या जाहिरातीची भाषा मुख्यतः तृतीयपुरुषी आणि विशेषणप्रधान असते : चित्र असे आहे, तसे आहे. प्रेक्षकाला संबोधिलेच तर ते आदरार्थी द्वितीयपुरुषात. समूहाला उद्देशून होणारे आवाहन मात्र प्रथमपुरुषी असते. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो समाविष्ट होतो. इंग्रजीत हा भेद सर्वनामात व्यक्त होत नाही. तेथे एकाच रूपाने दोन्ही अर्थ साधतात आणि कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे संदर्भावर सोडले जाते. जालावरील आवाहनांची भाषा बहुधा इंग्रजी, किंवा इंग्रजीच्या वळणाची, असल्यामुळे तिच्यात ही संदिग्धता सर्वत्र आढळते. ‘हा चित्रपट आपला आहे’ असे वाचणाऱ्याला वाटावे, आणि लिहिणाऱ्याने मात्र ‘आमचा’ एवढेच म्हटलेले असावे, असे तेथे सहज घडू शकते.

मराठीतही ‘आपण’ सर्वस्वी निःसंदिग्ध नाही. ते आदरार्थी द्वितीयपुरुषीही आहे. ‘आपण हा चित्रपट पाहावा’ या वाक्यात ऐकणाऱ्याचा मान राखला जातो, पण त्याला कर्तृत्वात वाटा मिळत नाही. ‘आपण हा चित्रपट काढू’ या वाक्यात तो मिळतो. वर जो इतिहास सांगितला तो एका दृष्टीने पहिल्या ‘आपण’पासून दुसऱ्या ‘आपण’कडे जाण्याचा इतिहास आहे. परंतु दुसरा ‘आपण’ केव्हा सार्थ मानावा? व्याकरण याचे उत्तर देऊ शकत नाही. ते व्यवहारातच शोधावे लागते. ज्या समूहाला हिशेब पाहता येतो, ज्याच्या सभासदांना परस्परांशी चित्रपटकाराच्या मध्यस्थीवाचून बोलता येते, आणि ज्याची यादी त्याच्याच हाती असते, त्या समूहात हा ‘आपण’ सार्थ होतो. ‘मंथन’च्या दूध-संस्था आणि ‘विकल्प’ची सामायिक यादी या कसोटीला बहुतांशी उतरतात. फेसबुकवरील पृष्ठ ही कसोटी उतरू शकत नाही, आणि याचे कारण चित्रपटकारांच्या हेतूत नसून माध्यमाच्या रचनेत आहे.

७

ही रचना थोडक्यात स्पष्ट करणे आवश्यक आहे. एखाद्या चित्रपटाच्या पृष्ठाला हजारो अनुयायी असले तरी त्यावरील मजकूर त्या सर्वांपर्यंत आपोआप जात नाही. तो कोणापुढे यावा हे कंपनीची गणनपद्धती ठरविते. अधिकांपर्यंत न्यावयाचा असल्यास त्यासाठी पैसे भरण्याची सोय आहे. म्हणजे ज्या यादीसाठी चित्रपटकाराने श्रम केले, ती वापरण्यासाठी त्याला पुन्हा मूल्य द्यावे लागते. प्रादेशिक वितरकाशी झगडून जो स्वतंत्र झाला तो अशा रीतीने एका दूरस्थ आणि अदृश्य वितरकाच्या अधीन होतो. जुन्या वितरकाशी निदान भांडता तरी येत होते. शिवाय मोठ्या कंपन्यांनाही हेच साधन खुले आहे. आणि जेथे पोहोच पैशाने वाढते तेथे अल्प साधनांच्या चित्रपटाला मूळचा लाभ फार काळ टिकविता येत नाही.

दुसरी अडचण टिकाऊपणाची आहे. ऑर्कुट ही सेवा ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली. भारतात एका पिढीने चित्रपटांविषयीच्या पहिल्या खुल्या चर्चा तेथील समूहांत केल्या होत्या. त्या समूहांचे सभासद, त्यांचे वाद, त्यांतून एखाद्या चित्रपटाविषयी बनलेले मत, या सर्वांचा आधार एका परदेशी कंपनीच्या निर्णयाने नाहीसा झाला. १९३० च्या दशकातील चित्रपटांसोबत विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका कागदाच्या असल्या तरी त्यांतील पुष्कळशा आज टिकून आहेत. १९६४ साली पुण्यास स्थापन झालेल्या आणि पुढे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा पुस्तिका, भित्तिपत्रके आणि छायाचित्रे जतन केलेली आहेत. चित्रपटांच्या प्रतींबाबतही जागरूकता वाढली आहे. ‘मंथन’ची पुनरुज्जीवित प्रत २०२४ साली कान महोत्सवात दाखविली गेली. परंतु २०१० च्या सुमारास फेसबुकवर एखाद्या दिग्दर्शकाने केलेले आवाहन, त्याखाली उमटलेले प्रतिसाद, कोणत्या शहरातून किती मते आली याचा तक्ता, यांपैकी काहीही अशा संग्रहात आपोआप येत नाही. उद्याच्या इतिहासकाराजवळ चित्रपट असेल. त्याच्या प्रेक्षकाविषयी मात्र त्याला चित्रपटकारांच्या मुलाखतींतील आठवणींवर विसंबावे लागेल. आणि मुलाखती बहुधा यशस्वी झालेल्यांच्याच घेतल्या जातात. ज्यांच्या आवाहनाला प्रतिसाद मिळाला नाही त्यांचा मागमूसही राहत नाही. परिणामी माध्यमाचे सामर्थ्य प्रत्यक्षापेक्षा मोठे भासते.

या विवेचनातून समाजमाध्यमे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. ‘लूसिया’चे ११० भागीदार पूर्वीच्या कोणत्याही साधनाने २७ दिवसांत एकत्र आले नसते. निष्कर्ष एवढाच, की हे साधन हाक मारण्यासाठी उत्तम आहे; समाज बांधण्यासाठी आणि तो टिकविण्यासाठी त्याच्याबाहेरची संस्था लागते. फिल्म सोसायटी, सहकारी संस्था, महाविद्यालयीन मंडळ, किंवा केवळ सभासदांच्या ताब्यातील एखादी सामायिक यादी, यांपैकी काहीतरी पाठीशी असेल तेथे जालावरील हाकेला अर्थ येतो. मराठी स्वतंत्र चित्रपटाच्या दृष्टीने हा विचार अगत्याचा आहे. महाराष्ट्रात वाचनालये, नाट्यमंडळे आणि चित्रपटमंडळे यांची परंपरा मोठी आहे, परदेशांतील मराठी मंडळांचीही तिला जोड आहे. त्यांच्यापाशी याद्या आहेत आणि विश्वासही आहे. ‘श्वास’च्या वेळी हा समाज काही आठवड्यांत उभा राहू शकला, हे आपण पाहिलेच आहे. त्यानंतर तो सांधून ठेवण्याचे काम झाले नाही.

इतिहासाच्या अभ्यासकांपुरते बोलावयाचे तर तातडीचे काम संग्रहाचे आहे. ज्या चित्रपटकारांनी जालावरून आवाहने केली त्यांच्याजवळ त्या मजकुराच्या प्रती, हिशेब आणि पत्रव्यवहार अद्याप असण्याचा संभव आहे. देणाऱ्यांची नावे गोपनीय ठेवून, रकमा, स्थाने, तारखा आणि आवाहनांची भाषा यांचा संग्रह विद्यापीठांच्या विभागांना करता येण्यासारखा आहे. यश मिळालेल्या आवाहनांबरोबर अयशस्वी आवाहनेही त्यात आली पाहिजेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांसाठी हा विषय उपलब्ध आहे, आणि तो फार काळ उपलब्ध राहील असे दिसत नाही.